गरम पाण्याची टाकी: नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य: पाणी, टाकी, थंडी आणि एक समिती. समिती बाराही महिने ताजी मिळते.

आधी जागा पाहून घ्या. आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइक स्टेशनाच्या पश्चिमेला वेस्टपोर्ट हा बंदराचा पट्टा आहे. तिथे एइबी या कचरा जाळणाऱ्या कंपनीच्या भट्ट्यांत कचरा जळतो आणि त्या धगीवर तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघर जातं. कचरा रात्री दोनलाही जळतच असतो. माणसं मात्र सकाळी सातला एकदम आंघोळीला निघतात. या दोन वेळा जुळवायच्या, एवढंच टाकीचं काम.

आता आकार. नवशिका इथे हमखास म्हणतो, जेवढी मोठी तेवढी बरी. त्याला खाली बसवा. एक घनमीटर पाणी एक अंश निवलं की सुमारे १.१६ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता देतं. तेव्हा विचारा: किती मेगावॉट, किती तास, आणि जाणाऱ्या नि परतणाऱ्या पाण्यात किती अंशांचा फरक? सरावासाठी बर्लिनच्या रॉयटर वेस्ट वीजकेंद्रातली टाकी घ्या. ५.६ कोटी लिटर पाणी, २०० मेगावॉट, १३ तास. म्हणजे २६०० मेगावॉट-तास. आता ५६,००० घनमीटरला ४० अंशांनी आणि १.१६ ने गुणा, नि युनिटचे मेगावॉट-तास करायला हजाराने भागा. जवळपास तेच येतं. आनंद करून घ्या, पुढे असं जुळणार नाही.

कारण तो ४० तुमच्या हातात नाही. तो कुठल्यातरी तिसऱ्या मजल्यावर, कधीच नीट न लावलेल्या रेडिएटरच्या झडपेत अडकलेला असतो. ९० अंशांवर गेलेलं पाणी ५० ऐवजी ७० वर परतलं, की फरक २० आणि त्याच टाकीत उष्णता निम्मी. समिती लगेच दुप्पट टाकी मागते. झडपा दुरुस्त करणं स्वस्त, पण दुरुस्तीचं उद्घाटन करता येत नाही.

पाणी टाकीत हळूच सोडा. गरम वर, गार खाली राहिलं पाहिजे. ढवळलंत तर उष्णता तेवढीच, पण सगळं कोमट.

उन्हाळा साठवून हिवाळ्यात वापरू, असंही कुणी म्हणेल. डेन्मार्कमधल्या वोयेन्सला त्यासाठी जुन्या वाळूच्या खाणीत २ लाख घनमीटरचा खड्डा आहे. तुमच्याकडे खाण आहे का, ते नम्रपणे विचारा.

आणि हो, जुलै २०१९ मध्ये एइबीने सुरक्षिततेच्या कारणावरून सहापैकी चार भट्ट्या बंद केल्या होत्या. तासांच्या हिशोबाने बांधलेली टाकी अशा वेळी फार तर एखादा दिवस ढकलते. पुढे पर्यायी बॉयलरच लागतात. त्यांचा खर्च टाकीच्या आधी सांगा, आणि सांगताना दाराजवळची खुर्ची धरा.