खोकल्याच्या बाटलीत फवारणीचं औषध भरणाऱ्यास

तू कोण आहेस, हे मला अजून कळलेलं नाही. आपल्या घरातून शेतात जाणारे चौघं, आणि चौघांनीही कानावर हात ठेवले. वयाने माझ्याहून मोठा असशील तर या 'तू'चा राग येईल. येऊ दे. ज्याने हे केलं त्याला अहोजाहो करायला माझी जीभ वळत नाही.

पोळ्याला मी माहेरी आले होते. रात्री लाइट गेलेली, आणि पोराला खोकल्याची उबळ आली. आईने देवळीतली बाटली अंधारात चाचपून काढली, झाकण उघडलं, चमचा तिरका धरला. तेवढ्यात उग्र वास आला आणि तिचा हात थांबला. बाटलीवर चिठ्ठी खोकल्याच्या औषधाची होती, आत कपाशीवर मारायचं औषध. पोर पाच वर्षांचं आहे. त्या रात्री आईचं नाक चोंदलेलं असतं तर आज हे पत्र लिहायला मी शुद्धीवर नसते.

उरलेलं वाया जाऊ नये म्हणून तू ते ओतून ठेवलंस. पैसे लागतात, मान्य. पण अख्ख्या घरात तुला नेमकी तीच बाटली सापडली, जिला पोराचा चमचा लागतो?

दोष आपल्या बोलण्यातही आहे. कृषी केंद्रातून आणतो तेही औषध आणि मेडिकलमधून आणतो तेही औषध. बुलडाण्यातल्या कुठल्याही गावात 'त्याने औषध घेतलं' म्हटलं की ऐकणारा विचारतो, "कोणतं?" एवढं सगळं कळत असूनही दोन्ही औषधं आपण एकाच देवळीत ठेवतो.

2013च्या जुलैत बिहारमधल्या गंडामन गावात शाळेतलं जेवण जेवून 23 मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. आपल्याच भागातल्या यवतमाळात 2017च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ते तर उघड्या शेतात होते. तू असंच विष चुलीपासून चार हातांवर आणून ठेवलंस.

कीटकनाशकाच्या डब्यावरच्या चिठ्ठीवर चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल सगळ्यांत जहाल. हिरवा म्हणजे निर्धोक, असं मात्र नाही. त्याच चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि विषबाधा झाली तर उतारा काय, हे छापलेलं असतं. डॉक्टरला आधी तेच लागतं, कारण प्रत्येक विषाचा उपचार वेगळा, आणि काहींना तर उताराच नाही. ओतताना तू ती चिठ्ठीही फेकून दिलीस. पोराने घोट घेतला असता तर आम्ही दवाखान्यात काय सांगणार होतो? आई तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला निघाली असती, आणि तेही करायचं नसतं. घशातून पुन्हा वर येणारं विष फुफ्फुसात गेलं तर आणखी घात होतो. अशा वेळी 108ला फोन लावायचा, मूळ डबा सोबत घ्यायचा आणि निघायचं. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने धुवायचं.

दुसऱ्या दिवशी मी देवळी रिकामी केली. तारीख उलटून गेलेल्या गोळ्या, कुणाच्या तरी तापाचे उरलेल्या चार कॅप्सूल, सुकलेलं मलम आणि गंजलेलं ब्लेड, एवढाच आपला दवाखाना! चिखलीच्या मेडिकलमधून निर्जंतुक गॉज, गुंडाळपट्टी, चिकटपट्टी, कात्री, थर्मामीटर, जंतुनाशक, पॅरासिटामॉल आणि ओआरएसची पाकिटं आणून एका डब्यात भरली. एक पाकीट लिटरभर पाण्यात, हे झाकणावर लिहिलंय. भाजल्यावर टूथपेस्ट नाही, वीस मिनिटं वाहतं गार पाणी, हेही लिहिलंय. सोयाबीन सोंगताना विळा लागला की धावत येशील, तेव्हा तुला कळेल डबा कशाला असतो. फक्त कात्री परत जागेवर ठेव, ती स्टार्टरच्या पेटीत सापडता कामा नये.

डबा पोराचा हात पोचणार नाही इतका उंच टांगलाय. फवारणीचं सगळं सामान घराबाहेर, गोठ्यामागच्या कुलूपबंद पेटीत गेलंय, मूळ डब्यांसकट. किल्ली आईकडे आहे.

त्या बाटलीत नेमकं कोणतं औषध होतं, ते मला आजही माहीत नाही. तुला माहीत आहे. मी ओरडणार नाही, चारचौघांत नावही घेणार नाही. पण अशी आणखी एखादी बाटली घरात, गोठ्यात किंवा शेतातल्या खोपीत भरून ठेवली असशील, तर आज रात्री झोपायच्या आधी आईला सांग.