शपथ सर्वानुमते, दंड तहकूब

यंदाच्या पाच जूनला, पर्यावरणदिनी, आमच्या सोसायटीत पर्यावरणाचं रक्षण सकाळी साडेदहा ते अकरा या वेळेत पार पडलं. उपस्थिती चांगली होती. अकराला उपमा होता.

उजवा हात पुढे करून सगळ्यांनी सचिवांच्या मागोमाग शपथ म्हटली. मी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवीन. मी प्लास्टिकची पिशवी वापरणार नाही. मी वीज आणि पाणी जपून वापरीन. मी एक तरी झाड लावीन आणि ते जगवीन. शेवटच्या ओळीला आवाज जरा पडला, पण तो उपम्याचा वास आल्यामुळे. निष्ठेत खोट नव्हती. मग ज्याने त्याने मोबाइलवर नाव टाकून आपापलं प्रमाणपत्र उतरवून घेतलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं. मागे फ्लेक्स होता आणि त्यावर 'प्लास्टिकमुक्त' असं छापलेलं होतं. हा विनोद महाराष्ट्रात इतक्या वेळा झाला आहे की तो आता पुनर्वापरात मोडतो. म्हणून त्याला हात न लावता पुढे जाऊ.

तर शपथेतल्या पहिल्या दोन कलमांकडे जरा निरखून बघा. कचरा घरातच वेगळा करून द्यायचा, हे केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घरावर बंधनकारक केलं. ओला, सुका आणि घरगुती घातक, असे तेव्हा तीन भाग. प्लास्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी घातली आणि त्याच वर्षीच्या २३ जूनपासून कारवाई सुरू केली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि तीन महिने कैद. म्हणजे त्या सकाळी डॉक्टर, इंजिनिअर, निवृत्त बँक मॅनेजर अशी चांगली शिकली-सवरलेली मंडळी एकत्र जमून, हात पुढे करून, आम्ही इथून पुढे कायदा मोडणार नाही असं एकमेकांना सांगत होती. आणि त्याबद्दल त्यांना प्रमाणपत्र मिळत होतं. पाकीटमारांनी स्वारगेटच्या स्टँडवर जमून 'आम्ही यापुढे यथाशक्ती दुसऱ्याच्या खिशात हात घालणार नाही' असा संकल्प सोडावा आणि हवालदाराने टाळ्या वाजवाव्यात, त्यातला हा प्रकार.

पण शपथेची गंमत यातच आहे. नियम मोडला तर पावती फाटते. शपथ मोडली तर पुढच्या वर्षी नवी घेता येते, आणि नव्या प्रमाणपत्राची चौकट जुन्यापेक्षा रंगीत असते. नियम पाळला तर कोणी विचारत नाही. शपथ घेतली तर फोटो येतो. शहाण्या माणसाने दोहोंतलं काय निवडावं, हे सांगायला ज्योतिषी नको.

सरकारचंही शपथेवर भारी प्रेम. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केलं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश ही पंचमहाभूतं धरून त्याची मांडणी केली. झाडं भूमीत गेली, नद्या-तलाव जलात गेले, ऊर्जा अग्नीत गेली. नागरिकांच्या प्रतिज्ञा कुठे घालायच्या? तर आकाशात. ज्या कोणा अधिकाऱ्याने ही विभागणी केली त्याला आमचा साष्टांग नमस्कार. सरकारी कागदावर इतकं खरं वाक्य क्वचित वाचायला मिळतं.

केंद्राचं 'मिशन लाइफ' याहून तपशीलवार आहे. कल्पना १ नोव्हेंबर २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत मांडली गेली, उद्घाटन २० ऑक्टोबर २०२२ ला गुजरातेत एकतानगरला झालं, आणि व्यक्तीने काय काय करावं याची ७५ कलमांची यादी निघाली. यादी वाईट नाही. उलट नेमकी आहे, आणि नेमकेपणाचीच अडचण होते. उदाहरणार्थ, लाल सिग्नलला गाडीचं इंजिन बंद करा. आता हे कलम पुण्यात अमलात आणायचं तर आधी लाल सिग्नलला थांबावं लागतं. एका कलमाच्या पोटात लपलेलं हे दुसरं कलम यादी करणाऱ्यांच्या लक्षात आलेलं नाही. लिफ्टऐवजी जिना वापरा, असंही आहे. आमच्याकडे हे कलम महिन्यातून दोनतीनदा शंभर टक्के पाळलं जातं, लिफ्टवाला कंपनीकडून येईपर्यंत. एसी २४ अंशांवर ठेवा, हे तर सर्वांत सोपं. १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती एसी चालू केला की तो आपण होऊन २४ वरच सुरू होतो, तशी सक्तीच आहे. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतं. म्हणजे इथे शपथ घेणाऱ्याने काहीही करायचं नाही, फक्त रिमोटला हात लावायचा नाही. तेवढंच जमत नाही. १८ वर एसी ठेवून पांघरूण घेऊन झोपण्यात जे सुख आहे ते ७५ कलमांत कुठेही नाही, हे आमच्या चेअरमनसाहेबांचं मत आम्ही इथे नाव न देता नोंदवत आहोत.

मंडईत वेगळंच नाट्य चालतं. गिऱ्हाईक विचारतं, "पिशवी आहे का हो?" भाजीवाला आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे बघतो, मग बटाट्याच्या पोत्याखाली हात घालतो. पातळ पिशवी बाहेर येते, फुंकर मारून उघडली जाते, त्यात कोथिंबीर पडते. दोघांच्या चेहऱ्यावर काहीतरी मोठा गुन्हा केल्याचा आनंद असतो, आणि भाव करताना पाच रुपयांवरून हमरीतुमरीवर येणारी ही माणसं ५ हजारांच्या दंडाची जोखीम पत्करून एकमेकांना सांभाळून घेतात. बंदीने समाजात असा जिव्हाळा निर्माण केला, हे तिचं यश मान्य करायला हवं. ज्यांना एवढं धाडस झेपत नाही ते दुकानातून कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी घेतात. ती नॉन-वोव्हन असते, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. पण हाताला कापड लागल्यासारखं वाटतं आणि मनाला शपथ पाळल्यासारखं.

खरी कापडी पिशवी आमच्याकडे कमी नाही. बँकेच्या वर्धापनदिनाला मिळते, मुंजीत मिळते, साहित्य संमेलनात मिळते, पर्यावरणदिनाला तर मिळतेच. घरोघरी दाराच्या मागे एक मोठी कापडी पिशवी लटकलेली असते आणि तिच्यात बाकीच्या कापडी पिशव्या असतात. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली हिशेब मांडला होता. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या तुलनेत सुती पिशवीचा हवामानावरचा भार भरून निघायचा असेल तर ती किमान १३१ वेळा वापरावी लागते. कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं, कारखाना लागतो. आमच्या दारामागच्या बहुतेक पिशव्यांनी बाजार एकदाही पाहिलेला नाही. घडीसुद्धा मोडलेली नाही. 'वसुंधरा वाचवा' हे त्यांच्यावरचं वाक्य अंधारात एकमेकींना वाचून दाखवत त्या बिचाऱ्या निवृत्त होतात.

सोसायटीत गांडूळखताचा खड्डाही आहे. आहे म्हणजे कागदावर पक्का आहे. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी जिरवणं असे प्रकल्प करणाऱ्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, तेव्हा खड्डा लागतोच. सध्या त्यात गणपतीच्या मांडवाचे बांबू, कोणाचं तरी जुनं बेसिन आणि दिवाळीच्या किल्ल्याचे मावळे राहतात. गांडुळं एकदा आणली होती. ओल्या कचऱ्याच्या बादलीत त्यांना थर्मोकोलची वाटी, बॅटरीचे सेल आणि इडलीच्या पिठाची पिशवी अशी मेजवानी मिळाली. गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे, सोसायटीचा नाही, हे त्यांनी चारच दिवसांत ओळखलं.

या सगळ्यात शपथ न घेतलेली एकच व्यक्ती सोसायटीत येते, आणि ती रोज येते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली, पुढे त्यातून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली. दारोदार कचरा गोळा करण्याचं काम हीच माणसं करतात. आमच्याकडे येणाऱ्या ताई गेटजवळ ताडपत्री पसरतात, आमच्या बादल्या पालथ्या करतात आणि आम्ही शपथेवर वेगळा केलेला कचरा हाताने पुन्हा वेगळा करतात. दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, काच एकीकडे. त्या दिवशी सचिवांनी मोठ्या मनाने त्यांनाही बोलावलं. "ताई, या की तुम्हीही शपथ घ्यायला." ताई हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "तुम्ही घ्या साहेब. फक्त ते डायपर तेवढं कागदात गुंडाळून देत जा. हात माझे जातात त्यात." डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, ही मोहीम पुण्यातल्या कचरावेचकांनीच चालवली, आणि गुंडाळून देण्याची गोष्ट २०१६ च्या नियमांतही होती. त्यावर सचिव म्हणाले, "सूचना चांगली आहे, पुढच्या वर्षीच्या शपथेत घेऊ."

आता कोणी म्हणेल, शपथ मोडण्यात सामान्य माणसालाच का धरता? नाही धरत. मोठ्यांच्या शपथा मोठ्या असतात एवढंच. राज्याने २०१९ साली १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात ३३ कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला होता. मोहिमेची मुदत संपली आणि ४ ऑक्टोबरच्या रात्री मुंबईत आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी करवती लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवेपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. संकल्पाचा काळ आणि करवतीचा काळ एकमेकांत मिसळू दिला नाही, ही शिस्त वाखाणण्यासारखी होती. तिकडे बीपी ही तेल कंपनी २००४ च्या सुमारास लोकांना तुमच्या एकट्याच्या वागण्यातून किती कार्बन हवेत जातो ते मोजायचं साधन देऊ लागली. तेल काढायचं तिने, विकायचं तिने, आणि रात्री झोप उडायची गिऱ्हाइकाची. तेव्हापासून जगभर ज्याने त्याने स्वतःलाच धारेवर धरायचं आणि मग स्वतःलाच माफ करायचं, अशी सोय झाली. शपथ म्हणजे या माफीची आगाऊ पावती.

मात्र आमची सोसायटी नुसती शपथ घेऊन थांबणारी नाही. पाठोपाठच्या सर्वसाधारण सभेत एका तरुण सभासदाने ठराव मांडला: जो फ्लॅट कचरा वेगळा करून देणार नाही त्याला प्रत्येक वेळी दोनशे रुपये दंड, आणि ती रक्कम कचरा उचलणाऱ्या ताईंना. दोन मिनिटं सभेत शांतता पसरली. मग सगळ्यांना एकदम बोलायचं होतं. "हे घटनाबाह्य आहे." "कचरा माझाच कशावरून?" "आमच्याकडे बाई स्वयंपाक करते, तिच्या चुकीचा दंड मी का भरू?" "एकदम सक्ती नको, आधी प्रबोधन करा." प्रबोधन हा शब्द आला की समजावं, ठराव गेला. इतिवृत्तात नोंद झाली ती अशी: 'पर्यावरण शपथ पुढील वर्षीही घ्यावी, सर्वानुमते मंजूर. दंडाचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.' दोन्ही ठरावांना वर झालेले हात तेच होते.

तेव्हा आम्ही एक नम्र पर्याय सुचवला. शपथ घ्यायचीच आहे ना? मग स्वतःची नको, शेजाऱ्याची घ्या. म्हणजे 'मी शपथ घेतो की ४०१ चे काका उद्यापासून गाडी पाइपने धुणार नाहीत, एक बादली पाणी वापरतील.' कल्पना सभेला विलक्षण आवडली. ४०१ च्या काकांनी जागच्या जागी उठून शपथ घेतली की ३०४ च्या काकू यापुढे देवाची फुलं प्लास्टिकच्या पिशवीसकट नदीत सोडणार नाहीत. काकूंनी हात पुढे करून २०२ च्या एसीबद्दल प्रतिज्ञा केली. स्वतःच्या बादलीत काय आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना शेजारच्या बादलीतलं तारीखवार पाठ निघालं. कोण कधी चुकतो, कोणी पाहिलं, कॅमेऱ्यात कुठे दिसतं, सगळं तयार. चुकला तर काय करायचं, या प्रश्नावरही एकमत झालं: दंड. दोनशे कमी आहेत, पाचशे करा.

सगळ्यांनी मिळून सगळ्यांवर घातलेलं बंधन, त्यावर लक्ष ठेवणारं कोणीतरी, आणि चुकलं की पावती: ही पद्धत क्रांतिकारक आहे, शासनाला कळवायला हवी, असं सचिव भारावून म्हणाले. कायद्याच्या पुस्तकात ती आधीपासून आहे, हे आम्ही त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तीही त्यांनी तहकूब केली असती.