याची बेरीज कोणी करणार आहे का?

एका डेटाबेसमधली माहिती दुसऱ्यात जशीच्या तशी उतरवत राहणं, याला रेप्लिकेशन म्हणतात. यातलं 'जशीच्या तशी' सोडलं तर बाकी काही अवघड नाही.

कारण डेटाबेसच्या प्रत्येक घराण्याची रीत निराळी. ओरॅकलला रिकामा मजकूर आणि नल, म्हणजे मूल्यच नसणं, एकच. पोस्टग्रेसला दोन्ही वेगळे. ओरॅकलची डेट तास-मिनिटं-सेकंदही बाळगते. पोस्टग्रेसच्या डेटमध्ये उतरवली की वेळ गळून जाते, तिथे टाइमस्टँपच हवा.

नावांचं तर विचारूच नका. 'ज्ञानेश्वर' म्हणजे डोळ्यांना चार अक्षरं. पोस्टग्रेस काने, मात्रे, हलन्त सुटे धरून दहा मोजतं. यूटीएफ-८ मध्ये त्या प्रत्येकाला ३ बाइट लागतात आणि वेगळं सांगितलं नाही तर ओरॅकल बाइटच मोजतं, म्हणजे झाले ३०. त्यामुळे पोस्टग्रेसच्या २० अक्षरी रकान्यात ऐसपैस बसलेले ज्ञानेश्वर ओरॅकलच्या २० बाइटी रकान्यात मावत नाहीत. ज्यांनी भिंत चालवली, त्यांना रकान्याची भिंत काही सरकवता येत नाही!

आकड्यांपुढे तर आपण अगदी भोळे. आकडा दिसला की दिला इंटिजर. चार बाइटी इंटिजर २,१४,७४,८३,६४७ वर थांबतो. सहा ते नऊने सुरू होणारा आपला दहा आकडी मोबाइल नंबर त्यात शिरायचा नाही. मुंबईचा ०२२ संख्या म्हणून ठेवला की २२ उरतो. आणि चार बाइटी फ्लोटमध्ये १,६७,७७,२१७ रुपये ठेवले तर शेवटचा रुपया गायब. चोर कोणी नाही. अचूकपणाला बिटच २४ मिळतात.

म्हणून रकान्याचा प्रकार ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो : याची बेरीज कोणी करणार आहे का? फोन नंबर, पिनकोड, आधार क्रमांक यांची बेरीज आजवर कोणी केलेली नाही. ते मजकूर म्हणून सुखानं नांदतात. पैशांची बेरीज होतेच, आणि ती चुकली तर भांडणही होतं, तिथे डेसिमल. रकान्यांची मापं मात्र वाढत्या अंगाची घ्यावीत.

एवढं करूनही एखाद्या रात्री रेप्लिकेशनचं सॉफ्टवेअर एरर देऊन अडून बसेल. त्याच्यावर चिडू नका. न मावणाऱ्या माहितीचं गुपचूप शेपूट कापून पुढे जाणाऱ्या समंजस सॉफ्टवेअरपेक्षा हे भांडखोर बरं. आणि सगळं सुरळीत चाललंय असं दिसलं, तर दोन्हीकडच्या बेरजा एकदा ताडून पाहाच.