डोंग्यातली फॅशन

पुण्याहून पुतण्याचा फोन. "काका, ताडोबा झाला की एक दिवस बोटीत काढायचाय. काय घालू?"

विचारायच्या आधीच खरेदी उरकलेली. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची पँट, तसलाच शर्ट, तसलीच टोपी. म्हटलं, बाप्पा, हे घालून गडचिरोलीकडे फिरकू नको. तुमच्याकडे ती हौस असते, इकडे तो गणवेश आहे. कोण कोणत्या बाजूचा, पोलिसांचा की नक्षल्यांचा, हे विचारायला तिथे कोणी थांबत नाही.

शिवाय जंगलात माणसानं दिसू नये म्हणून मळकट रंग. पाण्यात पडलेला दिसावा म्हणून भडक. तुझा शर्ट शोधणाऱ्यालाही फसवेल. लाइफ जॅकेट नारिंगी असतं ते उगाच नाही. आणि हरणं बुजतील ही काळजी करू नको. नारिंगी रंग त्यांना हिरवटच दिसतो. वाघाचं पोट त्यावरच चालतं.

बाकीचं सोपं आहे. जीन्स नको, भिजली की पायाला धोंडा. गमबूट त्याहून वाईट. त्यात नदीच भरते. टेरीकॉटला हसू नको, ते लवकर वाळतं. टोपीला दोरी हवी, नाहीतर टोपी आंध्रात आणि तू इथे. पाण्यावरचं ऊन खालूनही भाजतं, म्हणून चंद्रपुरी माणसासारखा दुपट्टा गुंडाळ. जॅकेटचे पट्टे आवळ आणि कुणाला तरी ते खांद्याशी धरून वर ओढायला सांग. कानाशी आलं तर सैल आहे.

साधेपणाच हवा असेल तर हेमलकशाला बघ. प्रकाश आमटे १९७३ पासून तिथे आहेत. पोशाख म्हणजे बनियन आणि अर्धी चड्डी. पर्लकोटा नदी फुगली की शेजारचं भामरागड जगापासून तुटतं. त्या पाण्यात गुडघ्यावरच्या चड्डीसारखी फॅशन नाही.

"पण काका, जॅकेटमध्ये फोटो जाड येतो. काढलं तर चालेल?"

आता ऐक. वैनगंगेवर रोज बोटीचा दिवस काढणाऱ्या बाया आहेत. थंडीच्या सकाळी, अलीकडून पलीकडे, मिरची तोडायला. पोशाख ठरलेला: साडी, त्यावर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा, चपला हातात, डबा मांडीवर. थंडी, ऊन, तिखट, सगळ्याचा बंदोबस्त. एवढा विचार करून केलेला पेहराव कोणत्याही डिझायनरला जमला नसता. फक्त भिजलेली साडी पायांना वेढा घालते, आणि त्यावर उपाय असलेला नारिंगी कपडा मी रोजच्या डोंग्यात कधी पाहिला नाही. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ अशीच नाव उलटली. मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया गेल्या.

धरणाच्या संथ पाण्यात अर्धा तास गोल फिरणाऱ्याला जॅकेट मिळतं, तिकिटातच. वाहत्या नदीत मजुरीसाठी उतरणारीला तिकीटच नाही, तर जॅकेट कुठलं?

तेव्हा काढ बाप्पा जॅकेट. पण काठावर उतरल्यावर. आणि ठिपक्यांच्या पँटचे पैसे परत मिळाले, तर त्यात अजून एक जॅकेट घे. कुठल्या डोंग्यात टाकायचं, ते मी दाखवतो.