तेल न धरणारा कागद

आमच्या कंपनीत कुणाला काही कळत नाही, हे ज्या दिवशी मोठ्या साहेबांना कळलं, त्या दिवशी मला बढती मिळाली. पगार तोच, खुर्चीही तीच. फक्त दारावर ‘अंतर्गत संवाद’ अशी पितळी पाटी लागली. ती मला इतकी आवडली की महिनाभर मी दार लावूनच बसत होतो. दार उघडं ठेवलं की पाटी भिंतीकडे जायची.

आधी आराखडा केला. २८ स्लाइडी. वर गोलात ‘व्यवस्थापन’, खाली चौकोनात ‘शॉप फ्लोअर’, मध्ये दोन बाण. त्यातला वर जाणारा बाण मी मुद्दाम हिरवा केला होता. जीएम साहेबांनी चष्मा सरकवला.

“हा उलटा का?”

“कामगारांचं म्हणणं वर यायला, सर.”

“त्याला युनियन आहे की! काढा तो. उगाच गोंधळ.”

काढला. पण हिरवा रंग मात्र त्यांना आवडला होता, म्हणून खाली येणारा बाण हिरवा झाला.

खरा जीव होता तो कंपनीच्या मासिकावर. आता इथे किर्लोस्करांचं नाव घेतल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही. बायको म्हणते, बेसिनचा नळ गळायला लागला तरी हा माणूस तिथून किर्लोस्करवाडीला जातो. जाणारच! १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला, तीच ही किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगरानं जमीन नासते, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी लोखंडी नांगर विकले. (आमच्या सेल्सवाल्यांना गिअर घ्यायला आलेल्या माणसाला गिअर विकता येत नाही, ते असो.) १९२० साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. संपादक शंकरराव, म्हणजे शंवाकि. मुळात चित्रकला शिकलेला माणूस. कारखान्याचं हे पत्रक बघता बघता ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. पुढे १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’. नांगराच्या भट्टीशेजारी बसून माणसानं तीन-तीन मासिकं काढली आणि मराठी घरांना वाचायला लावलं! मी हिशेब मांडला. नांगराला फाळ एक, आमच्या गिअरला दाते चाळीस. त्या प्रमाणात मी कुठवर जाईन, याची मलाच धास्ती वाटली. ‘आद्य संपादक’ म्हणून फोटो कुठल्या बाजूनं काढायचा, तेही आरशात ठरवून ठेवलं. डावी बाजू बरी आहे.

नाव अर्थातच ‘खबर’ सुचवलं. एचआरच्या बाई म्हणाल्या, पोलिसांच्या खबऱ्यासारखं वाटतं. मग ‘वुई कनेक्ट’ ठरलं. इथेच मला कळायला हवं होतं.

पहिला अंक आर्ट पेपरवर, चाररंगी, ६०० प्रती. पहिल्या पानावर मोठ्या साहेबांचा संदेश, तो मी लिहिलेला. तिसऱ्या पानावर त्या संदेशाची तोंड भरून स्तुती करणारं संपादकीय, तेही माझंच. आठवड्यानं कँटीनच्या अण्णानं मला गाठलं.

“साहेब, पुढचा अंक साध्या कागदावर काढा ना. ह्याला भज्यांचं तेल धरत नाही.”

मी संतापलो. पण लेखकाची जात, न राहवून विचारलं, “कुठलं पान वापरतोस?”

“तुमचंच. पहिल्या पानावर मोठ्या साहेबांचा फोटो आहे, त्यावर भजी बरी दिसत नाहीत.”

१९४८च्या कारखाने कायद्यानं अडीचशेच्या वर कामगार असले की कँटीनची सोय केली, ती म्हणे जेवणासाठी. आमच्याकडे बोनस किती, कुणाची बदली कुठे, कुठलं मशीन विकायला काढलंय, हे सगळं तिथे सकाळच्या पोह्यांबरोबर मिळायचं. मला तेच दुपारी मेलवर यायचं, वर ‘अत्यंत गोपनीय’ असं लिहून.

मग दुसरी पाळी बंद करायचं ठरलं. ठेकेदाराकडची माणसं जाणार होती. “नोटीस तुम्ही लिहा,” जीएम साहेब म्हणाले, “जरा मऊ भाषेत.” मऊ भाषा हा तर माझा हातखंडा. ‘बदलत्या व्यावसायिक परिस्थितीच्या अनुषंगाने मनुष्यबळाचे सुसूत्रीकरण करण्यात येत असून’ इथून सुरुवात केली. चार परिच्छेद झाले, पण जे झालं ते कुणी केलं याचा एकाही वाक्यात पत्ता नाही. शेवटी ‘आपण सारे एक परिवार’. ‘काढून टाकलं’ हे दोन शब्द लिहायचे टाळण्यासाठी मी दीडशे शब्द खर्च केले. आणि लाज वाटते सांगायला, पण लिहून झाल्यावर ती नोटीस मी दोनदा मोठ्यानं वाचली. लय फार सुरेख जमली होती.

नोटीस गेटाजवळ लावायची, बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत लावायची आणि ती स्वच्छ, वाचता येईल अशी ठेवायची, असंही तो १९४८चा कायदा सांगायचा. गेटाजवळ लावली. मराठीतच होती.

शुक्रवारी संध्याकाळी निघालो, तर दुसऱ्या पाळीचे एक हेल्पर मामा फलकाच्या काचेला नाक लावून उभे. काखेत डबा. बोट ओळीवरून सरकवत शेवटपर्यंत वाचलं आणि वळून मला पाहिलं.

“साहेब, हे तुम्हीच लिहिलंय ना? झकास लिहिलंय.”

“छे हो, आपलं असंच,” मी म्हणालो. म्हणजे म्हणून गेलो.

“मग सोमवारी यायचं का नाही?”

तोंडाशी चारही परिच्छेद येऊन उभे राहिले.

“नाही, मामा.”

“कँटीनमध्ये म्हणत होते तसं,” मामा म्हणाले. “पण म्हटलं, लोक काय, काहीही बोलतात. कागदावर बघू.”

मग त्यांनी शर्टाच्या बाहीनं काचेवरची धूळ पुसली आणि बोट ठेवून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.