अंगठा आणि कुलूप

सरावलीतल्या आमच्या इमारतीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी काढला तो टँकर कधी येणार हे कळावं म्हणून. त्यावर टँकर सोडून सगळं येतं. पहाटे गुलाबाची फुलं, दुपारी मुतखड्याचा काढा, आणि रात्री एमआयडीसीकडून वारा वळला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा एकच शब्द : ‘वास!’ शिफ्टवरून आलेला तळमजल्यावरचा भाऊ उसळतो, ‘त्याच वासावर घराचे हप्ते फिटतात.’ मग विषय पार्किंगवर जातो आणि पार्किंगवरून थेट एकमेकांच्या खानदानावर.

परवा मी वैतागून ‘फक्त अ‍ॅडमिन’ची कळ दाबली. आयुष्यात इतकी सत्ता मला घरातही मिळालेली नाही.

पण झोप लागेना. इथून दोनच स्टेशनांवर पालघर. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर त्या बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, दुसरीनं नुसता अंगठा दिला. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. त्यावरून दिल्लीत श्रेया सिंघल ही तरुणी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ला त्या दोघींवर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. आमच्या भागातल्या अंगठ्याचं वजन इतकं!

म्हणून सगळंच मोकळं सोडावं, तर एप्रिल २०२० आठवतो. याच जिल्ह्यात, गडचिंचल्यात, पोरं पळवणारे फिरताहेत अशी अफवा उठली होती. जमावानं तीन माणसं मारली. तिथे विनोद थांबतो. तसली अफवा आमच्या ग्रुपवर आली तर मी कोणाला न विचारता पुसेन.

पण ‘वास!’ ही काही अफवा नव्हे. तो मलाही येत होता.

सदस्यानं काही भलतंच लिहिलं म्हणून अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये सांगितलंय. काकांना ते माहीत असावं. पहाटे साडेपाचला दारावर थाप. हातात रिकामी बादली.

‘टँकर येऊन गेला. मी बघितला. सांगू कुठे?’

मी फोन शोधायला आत वळलो, तर ते जिन्यातूनच ओरडले, ‘आणि वासही येतोय!’