व्हियोनिए, गडचांदूर मार्गे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्यात राहून पांढऱ्या वाईनबद्दल मत बाळगणं हा माझा एकमेव शौक. मताला पैसे पडत नाहीत, आणि ते खोडून काढणारा पंचक्रोशीत कुणी नाही. इतकी निर्धोक विद्वत्ता पुण्यातल्या प्राध्यापकांच्याही नशिबी नसते.

शिवाय माझ्या बाजूने भूगर्भशास्त्र आहे. फ्रान्समधल्या शाब्लीची पांढरी वाईन चुनखडीच्या जमिनीत पिकते, आणि चुनखडीत आमच्या तालुक्याचा हात कोण धरणार? त्यांनी तिच्यावर द्राक्षं लावली, आम्ही गडचांदूर-आवारपुराला सिमेंटचे कारखाने. हे वाक्य मी टाकलं की आमची ही पाहुण्यांसाठी चहाचं आधण ठेवते.

तर व्हियोनिए. ऱ्होन खोऱ्यातल्या काँद्रियूची ही द्राक्षं 1960 च्या दशकात जवळजवळ संपलीच होती. थोडक्या एकरांवर तगली. उतारा कमी, भुरीची भीती, आणि तोडणीला उशीर झाला की साखर चढते, आंबटपणा उतरतो. एवढे नखरे असल्यावर बाटली महागच पडणार. आपल्याकडे नाशिकच्या सुला आणि व्हॅलोने यांनी तिची वाईन केली आहे.

जिल्ह्याची दारूबंदी 2015 ला आली, 2021 ला उठली. त्यानंतर मी एका दुकानात ऐटीत व्हियोनिए मागितली. काउंटरवरचा पोरगा विचारात पडला. "नाही जी काका. तिचा पव्वा येते का?"

शेवटी नाशिकच्या व्याह्यांनीच बाटली आणली. मी ग्लास फिरवला, डोळे मिटले, नाक आत घातलं. पुस्तकांप्रमाणे जर्दाळूचा वास यायला हवा होता. आला मोहाचा.

आता मोहाचा विषय निघालाच आहे, तर वाईन जरा बाजूला ठेवू. चैतात मोहफूल रात्रभर गळतं. पहाटे झाडाखाली बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या असतात, आणि अस्वलं त्यांच्याही आधी येऊन गेलेली असतात. ताजं फूल फिकट पिवळं, रसानं टच्च, बोटांना चिकटतं. अंगणात दोन-चार उन्हं खाल्ली की मनुकेसारखं तांबूस होतं. त्याचे लाडू होतात, ते गुरांना घालतात, आणि भिजवून भट्टीवर चढवलं की पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्या गोड, जड वासानं सबंध रान भरतं. जर्दाळू आम्ही पाहिला तो वाण्याच्या बरणीतला, सुकलेला. वाईनचं वर्णन करणाऱ्यांपैकी एक जण जरी चैतात इकडे आला असता, तर बाटलीवर मोह, चार, टेंभरं असं काही छापून आलं असतं. व्याह्यांना मी हे समजावलं, तेव्हा ते पाटवडीच्या रश्शाने घामाघूम झाले होते. त्यांनी नुसती मान हलवली. मी ती संमती समजलो.

पण एक गोष्ट मला सलते. नाशिकच्या द्राक्षाला 2001 पासून वाईन धोरण आहे. जानेवारी 2022 मध्ये तर सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णयही मंत्रिमंडळाने घेतला, तो गदारोळात अडकला ते सोडा. मोहफूल मात्र 2021 पर्यंत नुसतं साठवायचं, वाहून न्यायचं म्हटलं तरी दारूबंदी कायद्याचा धाक. एका फळाची रसग्रहणं होतात, दुसऱ्या फुलाचे पंचनामे. गोव्याने काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हटलं. आपण अजून भट्ट्याच फोडतो.

तरी हे लिहिताना हात जरा अडखळतो. याच जिल्ह्यातल्या बाया दारूबंदीसाठी 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या होत्या. घरात मार खाल्लेल्या बाईपुढे माझ्या जर्दाळूला तोंड नाही, आणि माझ्या मोहालाही नाही.

असो. स्वस्तात चांगली पांढरी हवी असेल तर नाशिकची शेनँ ब्लां घ्या. आपल्याकडे ती भरपूर पिकते, म्हणून परवडते, आणि तिखट जेवणापुढे टिकते. व्हियोनिए व्याह्यांच्या खर्चाने प्या. आणि कोणतीही पांढरी एप्रिल-मेमध्ये एसटीच्या टपावरून मागवू नका. चंद्रपूरच्या उन्हात ती वाटेतच शिजते.